सातव्या आठवड्याचं काय?

पत्राचा सारांश: इंदूरहून ४३ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या शाळेत गणित शिकवतात, सध्या बिनपगारी रजेवर आहेत. दीड वर्षापासून नैराश्य. आधी एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम दिलं, पाच आठवड्यांत फरक नाही म्हणून ते बदलून सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम. ते चार महिने झाले, चालूच आहे. झोपेसाठी रात्री क्लोनाझेपाम अर्धा मिलिग्रॅम. बीपीची गोळी रोज. आता एका खासगी दवाखान्यात केटामाइनची सहा सलाइन सुचवली आहेत. सहांचे पैसे आधी भरले तर सवलत. यजमान तयार आहेत. पुण्याचे दीर 'हे पार्टीतलं ड्रग आहे' म्हणत बातम्या पाठवतात. सासूबाई म्हणतात, "सारखी भूल देऊन डोकं कामातून जाईल, मग बाणगंगेलाच न्यावं लागेल." (बाणगंगा म्हणजे इंदूरचं मनोरुग्णालय.) त्या लिहितात: "हा शेवटचा उपाय, असं डॉक्टर म्हणाले. यानेही नाही झालं तर माझं काही होऊच शकत नाही असं समजायचं का? रात्री कधी कधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं. घेऊ की नको, एवढंच सांगा."

ताई,

घ्यायचं की नाही ते सांगेन, पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांपाशी थांबायला हवं.

पहिलं, सकाळ न होण्याबद्दलचं. ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगितलंत का? पुष्कळदा पेशंट 'उदास वाटतं, झोप नाही' एवढं बोलून येतात आणि हे वाक्य तसंच घरी परत आणतात. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे. झोपेतच संपावं असं वाटणं आणि आपण काही करून घ्यावं असं वाटणं, यात फरक आहे. कोणता उपाय करायचा आणि किती घाईने, हे त्यावरच ठरतं. पुढच्या तारखेची वाट न बघता उद्या फोन करून सांगा. विचार 'कसं' आणि 'कधी'पर्यंत गेला तर त्याच रात्री यजमानांना उठवा आणि एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, हिंदीत किंवा मराठीत बोलता येतं. आणि एक गोष्ट आजच करा: घरातला गोळ्यांचा साठा यजमानांच्या ताब्यात द्या, तुमच्याकडे आठवड्यापुरत्याच ठेवा. यात अविश्वास कुणावरच नाही; एखादी वाईट रात्र निघून जायला तेवढा आडोसा पुरतो.

दुसरं वाक्य 'शेवटचा उपाय'. तुम्ही गणिताच्या बाई, म्हणून हिशेबानेच बघू.

नैराश्याला 'चिवट' कधी म्हणायचं हे ठरलेलं आहे. दोन वेगवेगळी औषधं, प्रत्येक पुरेशा मात्रेत, प्रत्येक किमान सहा ते आठ आठवडे, न चुकता घेऊनही फरक पडला नाही, तर. तुमचं एसिटालोप्राम १० मिलिग्रॅमवर पाच आठवड्यांत थांबलं. ते २० पर्यंत नेता येतं. सर्ट्रालिनला वेळ भरपूर मिळाला, पण मात्रा सुरुवातीचीच राहिली. ५० पासून निघून ते गरजेप्रमाणे २०० पर्यंत जातं. म्हणजे एकाचे दिवस कमी पडले आणि दुसऱ्याची मात्रा. मुलीने अर्धाच पेपर लिहिला असताना तिला नापास ठरवावं तसं हे झालंय. मात्रा वाढवताना पित्त किंवा हातांची थरथर सोसली नाही म्हणून डॉक्टर तिथेच थांबले असतील तर गोष्ट वेगळी, पण तसं तुमच्या पत्रात नाही.

आता आकडे. अमेरिकेत २००६ साली 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश लोक पूर्ण बरे झाले. ज्यांना गुण आला नाही त्यांना दुसरा उपाय दिला, त्यातलेही जवळजवळ तितकेच, ३१ टक्क्यांच्या आसपास, बरे झाले. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर मात्र हा आकडा १३-१४ टक्क्यांवर आला. केटामाइन, विजेचा शॉक (ईसीटी), डोक्याजवळ चुंबक धरून करायचे चुंबकीय उपचार हे विषय तिसऱ्या पायरीच्या सुमाराला निघतात ते याचसाठी. कागदावर तुम्ही तिथे पोचला आहात. खरं पाहता अजून दुसरीवरच आहात, आणि दुसरी पायरी वाईट नाही.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात. नैराश्य हटत नाही तेव्हा कित्येकदा औषधाचा दोष नसतो, खाली दुसरंच काही बसलेलं असतं. थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन, बी-१२ (शाकाहारी घरात हे हमखास बघावं), साखर. पाळी अनियमित झाली असेल, रात्री घाम फुटत असेल, तर तेही सांगा. चाळिशीनंतरच्या त्या बदलांचा मनावर परिणाम होतो. झोपेत मोठ्याने घोरता का, मध्येच श्वास अडकतो का, हे यजमानांना विचारा. गोळ्या खरोखर रोज घेतल्या गेल्या का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. आठवड्यात दोन दिवस चुकत असतील तर डॉक्टर ते औषध उगाच बदलत राहतात. आणि एक प्रश्न फार जणांना विचारलाच जात नाही: आयुष्यात कधी सलग चार दिवस किंवा जास्त, तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, डोक्यात कल्पनांची गर्दी, बोलणं थांबेना, खर्च वाढलेला, असं झालंय का? घरात कुणाला? झालं असेल तर हे बायपोलर आजारातलं नैराश्य असू शकतं, आणि मग नुसत्या नैराश्याच्या गोळ्या अपुऱ्या पडतात, प्रसंगी उलटतातही.

औषधाच्या बाजूनेही रस्ते उरले आहेत. सर्ट्रालिन वाढवणं. ते बदलून व्हेन्लाफॅक्सिन देणं, मात्र त्याने बीपी वाढू शकतं, तुमच्या बाबतीत लक्ष ठेवावं लागेल. चालू गोळीला मिर्टाझापिनची, लिथियमची किंवा कमी मात्रेतल्या अ‍ॅरिपिप्राझोलची जोड देणं. या प्रत्येकाला चार ते आठ आठवडे लागतात. दीड वर्ष सोसलेल्या माणसाला आणखी आठ आठवडे सांगणं किती जड जातं याची कल्पना आहे. म्हणूनच केटामाइनचं आकर्षण आहे, आणि त्या आकर्षणात खोटं काही नाही.

तर आता केटामाइनबद्दल. हे १९६२ साली अमेरिकेत प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९७० मध्ये तिथे भुलीचं औषध म्हणून मंजूर झालं. तेव्हापासून जगभर वापरात आहे; साध्या सोयींच्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञांना ते भरवशाचं वाटतं, कारण नेहमीच्या मात्रेत पेशंटचा श्वास चालू राहतो आणि बीपी कोसळत नाही. जनावरांचे डॉक्टरही वापरतात, त्यावरून 'घोड्याचं औषध' हे नाव पडलं. इतर भुलींसारखं हे सरसकट झोपवत नाही. शरीराकडून येणाऱ्या संवेदना आणि मन यांची फारकत करतं. नैराश्यावर त्याचा गुण पहिल्यांदा नीट नोंदला गेला तो २००० साली येल विद्यापीठातल्या एका छोट्या अभ्यासात.

सासूबाईंची भीती इथे आकड्यांनी कमी होते. भूल द्यायची असते तेव्हा किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम एकदम शिरेत दिलं जातं. ६० किलोच्या बाईला ६० ते १२० मिलिग्रॅम, मिनिटभरात. नैराश्यासाठी किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे त्याच बाईला एकूण ३० मिलिग्रॅम, आणि तेही ४० मिनिटांत पसरून. कुपीत एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे औषध अर्ध्या मिलिलिटरहून किंचित जास्त. ते नॉर्मल सलाइनमध्ये मिसळून ५० मिलिलिटर करतात आणि सिरिंज पंपावर ताशी ७५ मिलिलिटरचा वेग लावतात. चाळीस मिनिटांत नळी रिकामी होते. पंप असणं महत्त्वाचं आहे. बाटली टांगून, चाक फिरवून थेंब मोजत दिलं आणि मध्ये वेग वाढला, तर शांत जायला हवी ती वेळ घाबरण्यात जाते.

खोलीत काय होतं तेही सांगते. आडवं केलेल्या खुर्चीत तुम्ही जाग्या असता. दहा-पंधरा मिनिटांनी ओठ बधिर होतात, हातपाय हलके वाटतात, पंख्याचा आवाज लांबून यायला लागतो, छत जवळ किंवा दूर सरकल्यासारखं दिसतं. वेळेचा अंदाज सुटतो. पाच मिनिटं तासाएवढी वाटतात. काहींना हे तरंगणं सुखद वाटतं, काहींना आपण आपल्यातून निसटतोय अशी भीती वाटते. त्या वेळी कुणीतरी शांतपणे 'सलाइनमुळे होतंय, वीस मिनिटांत उतरेल' असं सांगणारं हवं. डोळे मिटून ठेवलेले बरे, मळमळ कमी होते. कुणी भेटायला येऊ नये, मोबाइल बंद. सलाइन संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक सगळं ओसरतं, पण दवाखान्यात एकूण दोन तास तरी बसवून ठेवायला हवं.

तुमच्यासाठी खरी काळजीची गोष्ट बीपी. सलाइन चालू असताना वरचा आकडा दहा-वीसने, कधी त्याहूनही जास्त चढतो आणि तास-दोन तासांत खाली येतो. म्हणून सुरू करण्याआधी तो १४०/९० च्या वर असेल तर त्या दिवशी थांबून विचार करायचा. सकाळची बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच. दर दहा-पंधरा मिनिटांनी बीपी, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, खोलीत ऑक्सिजन, सक्शन आणि श्वास देण्याची पिशवी, आणि श्वासमार्ग सांभाळता येणारा डॉक्टर त्याच मजल्यावर. फोनवर उपलब्ध असलेला भूलतज्ज्ञ म्हणजे नसलेला भूलतज्ज्ञ. बीपी ताब्यात नसेल, मेंदूत रक्तस्राव किंवा रक्तवाहिनीला फुगा झालेला असेल, कधी भास-भ्रम झाले असतील, यकृत फार बिघडलेलं असेल किंवा गर्भधारणेची शक्यता असेल तर हे औषध नकोच. ४३ व्या वर्षीही लघवीची ती साधी तपासणी आधी करून घ्यावी.

पोट रिकामं हवं. घन पदार्थ सहा तास आधीपासून बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. इंदुरात इथेच गडबड होते: 'काही खाल्लं नाही, फक्त चहा घेतला.' दुधाचा चहा हा खाण्यातच धरला जातो, त्यालाही सहा तास. सकाळी नऊची वेळ असेल तर पोहे-जिलबी दुपारवर ढकला. घरी जाताना गाडी यजमान चालवतील किंवा रिक्षा. दुसऱ्या दिवशी झोपून उठेपर्यंत स्कूटर नाही, गॅसवर तळणं नाही, बँकेच्या कागदांवर सही नाही.

क्लोनाझेपामचा मुद्दा डॉक्टरांपुढे स्वतःहून काढा. या जातीच्या गोळ्या केटामाइनचा गुण कमी करतात किंवा तो यायला उशीर लावतात असं दिसून आलंय. मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्याने झोप आणि अस्वस्थता दोन्ही बिघडतील. आदल्या रात्रीची वगळायची की हळूहळू कमी करायची, ते डॉक्टर ठरवतील. सर्ट्रालिन चालूच राहतं. केटामाइन सुरू झालं म्हणून रोजची गोळी सोडणारे लोक पुष्कळदा लवकरच पुन्हा पहिल्या जागी येतात.

आता दिरांकडे वळू. त्यांनी पाठवलेल्या बातम्यांत अमेरिकन नट मॅथ्यू पेरी याची असणारच. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो गेला, कारणांत केटामाइन होतं. तो घरी, कुणी डॉक्टर जवळ नसताना, बेकायदा मिळवलेलं औषध टोचून घेत होता आणि रक्तातलं प्रमाण पूर्ण भूल देतात तेवढं होतं. दवाखान्यातल्या अर्ध्या मिलिलिटरशी याची तुलना होत नाही. पण दिरांचं सगळंच उडवून लावू नका. पेरीही आधी देखरेखीखाली हाच उपचार घेत होता. चटक लागू शकते, आणि नेमाने जास्त मात्रेत घेणाऱ्यांच्या मूत्राशयाला कायमची इजा होते. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे, दवाखान्यात, या चौकटीत हे धोके कमी आहेत; चौकट सैल झाली की वाढतात. आपल्याकडे केटामाइन शेड्यूल एक्समध्ये येतं: चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची. त्यामुळे 'पुढचे डोस घरीच घ्या' म्हणत कुणी कुपी किंवा जिभेखाली ठेवायच्या गोळ्या हातात दिल्या, तर तिथून उठा. तुम्हाला किंवा घरात कुणाला दारूची, झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर डॉक्टरांना ती आधी सांगा. उपचार चालू असताना वारंवार लघवी, जळजळ, ओटीपोटात दुखणं सुरू झालं तर लगेच कळवा.

हे सगळं सुरक्षितपणाचं झालं. मला जास्त काळजी वाटते ती सातव्या आठवड्याची, म्हणजे सहा सलाइन तीन आठवड्यांत संपून महिना उलटल्यावर काय होतं त्याची, आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात एकही शब्द नाही. बहुधा दवाखान्यानेही काढला नसेल.

केटामाइनचं वैशिष्ट्य वेग हे आहे. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने १८ चिवट रुग्णांवर एकाच सलाइनचा अभ्यास केला. एका दिवसात ७१ टक्क्यांची लक्षणं निम्म्याहून खाली आली. आठवडाभर ते टिकलं फक्त ३५ टक्क्यांत. म्हणून एकाची सहा झाली. सहा सलाइनच्या एका अभ्यासात २४ पैकी साधारण ७० टक्क्यांना गुण आला, पण ज्यांना आला त्यांतल्या निम्म्यांचा आजार शेवटच्या सलाइननंतर १८ दिवसांच्या आत परतला. लहान अभ्यास आहेत, तरी दिशा सगळीकडे हीच दिसते. एस्केटामाइन या केटामाइनच्याच प्रकाराच्या नाकातल्या फवाऱ्याला अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मान्यता मिळाली, तिथेही तेच: ज्यांना पूर्ण बरं वाटलं होतं त्यांच्यापैकी फवारा चालू ठेवलेल्यांत २७ टक्के आणि बंद केलेल्यांत ४५ टक्के पुन्हा आजारी पडले.

याचा अर्थ, 'सहा सलाइन, मग बऱ्या' असं कुणी म्हणत असेल तर तो उपचार अर्धाच सांगतोय. पहिल्या-दुसऱ्या सलाइननंतर तुम्हाला कदाचित एखाद्या सकाळी उठावंसं वाटेल, आमटीला चव लागेल. चार दिवसांनी ते पुन्हा मंदावेल. हे घसरणं अपेक्षित आहे हे आधी माहीत नसेल, तर त्याच क्षणी 'माझं काही होऊच शकत नाही' हे वाक्य दुप्पट जोराने परत येतं. सबंध उपचारात मला सर्वांत धोक्याचा हा टप्पा वाटतो. यजमानांना आत्ताच सांगून ठेवा.

म्हणून दवाखान्याला विचारायचा पहिला प्रश्न: सहाव्यानंतर काय? चांगलं उत्तर साधारण असं असतं. आधी रोजची गोळी नीट बसवलेली, म्हणजे सलाइनने मिळालेल्या आठवड्यांत ती आपलं काम सुरू करेल. गरज वाटली तर पुढची सलाइन आठवड्याने, मग पंधरा दिवसांनी, मग थांबण्याचा प्रयत्न. आणि सलाइननंतरच्या एक-दोन हलक्या दिवसांत समुपदेशकाबरोबर काम: अंथरुणातून ठरलेल्या वेळी उठणं, वीस मिनिटं बाहेर चालणं, एका मैत्रिणीला फोन. एरवी डोंगराएवढ्या वाटणाऱ्या या गोष्टी त्या दिवसांत जमतात, आणि जमलेल्या असल्या की गुण ओसरल्यावरही थोड्या उरतात. 'परत पॅकेज घ्या' हे उत्तर आलं तर समजून घ्या.

मोजमाप हवंच, आणि ते तुम्हाला जमेल. पीएचक्यू-९ नावाचा नऊ प्रश्नांचा कागद असतो, ० ते २७ गुण. पहिल्या सलाइनआधी एकदा, मग दर आठवड्याला त्याच दिवशी भरा. निम्म्यावर आला तर गुण आला म्हणायचं, ५ च्या खाली तर बरं. शेजारी यजमानांनी रोज एक ओळ लिहावी: किती वाजता उठली, अंघोळ केली का, स्वतःहून काही बोलली का. नैराश्यातल्या माणसाला चांगला दिवस आठवत नाही, त्यामुळे नुसत्या आठवणीवर विसंबून चालत नाही. चार सलाइननंतर आकडा हललाच नाही तर पाचवी-सहावी घ्यायची का, यावर डॉक्टरांशी बोलायचं. म्हणून पैसे एकेका वेळचेच भरा. औषधाची कुपी महाग नसते. पैसे देखरेखीचे असतात, आणि न घेतलेल्या देखरेखीचे आधी भरण्याचं कारण नाही. जाहिरातीत 'नव्वद टक्के यश' लिहिलं असेल तर कोणत्या अभ्यासातलं ते विचारा. विमा असेल तर कंपनीकडून आधी लेखी होकार घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच विमासंरक्षण द्यावं लागतं, पण केटामाइन हे भुलीचं औषध म्हणून नोंदलेलं असल्याने या वापराच्या दाव्यावर वाद होऊ शकतो.

आणखी एक अभ्यास तुम्हाला विचार करायला आवडेल. स्टॅनफर्डमध्ये ४० नैराश्यग्रस्तांना दुसऱ्याच कारणासाठी शस्त्रक्रिया होती. पूर्ण भुलीत असतानाच अर्ध्यांना केटामाइन दिलं, अर्ध्यांना औषध नसलेलं साधं सलाइन; कुणाला काय मिळालं ते कुणालाच कळलं नाही. २०२३ मध्ये निकाल आला: दोन्ही गट सारखेच आणि बरेच सुधारले. यावरून केटामाइन पोकळ आहे असं ठरत नाही, भुलीच्या इतर औषधांचाही परिणाम असू शकतो. पण आपल्यासाठी कुणीतरी मनापासून काही करतंय ही अपेक्षा आजारावर काम करत असावी, असं त्यातून वाटतं. तुमच्या 'माझं काही होऊच शकत नाही' याला मी हाच अभ्यास उत्तर म्हणून पुढे करेन. अपेक्षेला प्रतिसाद देणारं काहीतरी दीड वर्ष आजारी असलेल्यांच्यातही शिल्लक असतं.

शॉकबद्दल तुम्ही विचारलं नाही, बहुधा बाणगंगेच्या उल्लेखानेच तो विषय घरात मिटला असेल. ईसीटी, म्हणजे हा शॉक, आता पूर्ण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच करता येते. त्याशिवाय करायला कायद्याने बंदी आहे. २०२३ मधल्या एका मोठ्या अमेरिकी तुलनेत, भास-भ्रम नसलेल्या चिवट नैराश्यात, केटामाइनने ५५ टक्के आणि ईसीटीने ४१ टक्के लोकांना गुण आला. केटामाइनवाल्यांची स्मरणशक्तीही कमी बिघडली. त्याआधी स्वीडनमध्ये, रुग्णालयात दाखल असलेल्या लोकांत, ईसीटी पुढे होती, ६३ विरुद्ध ४६. जितका आजार गंभीर, खाणंपिणं सुटलेलं, भ्रम असलेले किंवा वय जास्त, तितकी ईसीटी वरचढ. तुमच्या बीपीकडे पाहता चुंबकीय उपचाराचंही विचारा: भूल नाही, बीपी चढत नाही, फक्त आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावं लागतं. म्हणजे केटामाइन शेवटचा उपाय नाहीच; त्याच्या अलीकडे गोळ्यांच्या दोन-तीन वाटा आहेत, पलीकडे या दोन.

तर घेऊ की नको? माझं मत: आज नको, आणि कायमचं नको असंही नाही. या आठवड्यात सकाळ न होण्याबद्दलचं ते वाक्य डॉक्टरांना सांगा आणि रक्ततपासण्या करा. एमजीएम मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात किंवा तुमच्या विश्वासातल्या दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे एकदा सगळी कागदपत्रं घेऊन जा. एका कागदावर तीन रकाने आखा: औषध, सर्वांत जास्त मात्रा, किती आठवडे. हा कागद समोर आला की बोलणं फार लवकर मुद्द्यावर येतं. सर्ट्रालिन नीट वाढवून सहा आठवडे द्या. फरक नसेल तर केटामाइन रास्त आहे, बीपी ताब्यात ठेवून, पंप असलेल्या खोलीत, पुढचा आराखडा हातात घेऊन. मात्र मरणाचे विचार वाढले, जेवण सुटलं, तर हे सहा आठवडे थांबायचं नाही. तेव्हा दाखल होऊन केटामाइन किंवा ईसीटी लवकर करायची, आणि तो निर्णय बरोबरच असेल. शाळेची रजा वाढवायची असेल तर नुसती 'आजारपण' लिहिलेली चिठ्ठी पुरते, मुख्याध्यापकांना औषधाचं नाव सांगायची गरज नाही.

सलाइन घ्यायचं ठरलं आणि तुमची हरकत नसली, तर एखाद्या वेळी सासूबाईंना बरोबर न्या. सुरुवातीची दहा मिनिटं आणि शेवटचा तास त्यांना खोलीत बसू द्या. मधली वेळ त्यांनी बाहेर काढावी; तेव्हा तुमचं बोलणं अडखळेल, ते बघून त्या उगाच घाबरतील. नंतर त्यांनी काही विचारलं तर तुम्ही त्यांना नावाने ओळखून उत्तर द्याल. घरून डब्यात पोहे आणायला त्यांनाच सांगा, नाहीतरी दुपारचा एक वाजलेला असेल आणि तुम्ही उपाशी असाल.